बाळाच्या पायात बारीक हाडच नाही: पाय वाढवायचा की पाऊल काढायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझी मुलगी नुकतीच एक वर्षाची झाली. जन्मतः उजवा पाय आखूड. नडगीला पुढे बाक, त्या बाकावर खळी, पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं आणि बोटं तीन. एक्सरेत नडगीचं मोठं हाड आहे, पण त्याच्या शेजारचं बारीक हाड, फिब्युला, मुळातच नाही. निदान फिब्युलर हेमिमेलिया. आज दोन्ही पायांत ४ सेंमी फरक आहे. सुरुवातीला एका ठिकाणी क्लबफूट (जन्मतः आत वळलेलं पाऊल) समजून प्लास्टरं घातली, त्यात काही महिने गेले.

आता दोन मोठ्या डॉक्टरांची मतं घेतली. एक म्हणतात, रिंगा लावून टप्प्याटप्प्याने पाय वाढवू. दुसरे म्हणतात, पाऊल आत्ताच काढा आणि कृत्रिम पाय लावा, पोर लगेच धावायला लागेल. दोघांनीही घाई न करता, नीट समजावून सांगितलं, हीच पंचाईत आहे. नवऱ्याला पहिलं पटलंय. मला रात्री पहिलं पटतं आणि सकाळी दुसरं.

सासूबाईंचं तिसरंच. गरोदरपणात ग्रहण होतं आणि मी मेथी चिरली होती म्हणे.

ज्यांच्या घरात असं मूल आहे किंवा जे स्वतः यातून गेलेत त्यांनी कृपया लिहा. डॉक्टरांनी लिहिलं तर उत्तमच.

भटकभवानी

ताई, अनुभव नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय. मेथीवर लक्ष देऊ नका.

अस्थिपंजर

अस्थिशल्यचिकित्सक होतो, आता निवृत्त. मुलीला न तपासता हे करा, ते करा असं सांगणार नाही. पण दोन डॉक्टरांची दोन मतं का पडतात ते सांगता येईल.

आधी मेथी संपवू. गर्भाला हातापायांचे कोंब चौथ्या आठवड्यात फुटतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत हाडांचे कूर्चेचे साचे तयार झालेले असतात. जे बिघडायचं ते या काळात बिघडतं, आणि तेव्हा पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही माहीत नसतं. फिब्युला नसणं बहुतांशी घराण्यात चालत येत नाही आणि आईच्या खाण्यापिण्या-वागण्याशी त्याचा संबंध सापडलेला नाही. थॅलिडोमाइडसारखं औषध १९५७ ते १९६१ या काळात हजारो मुलांच्या हातापायांना नडलं हे खरं. पण ते औषध होतं, भाजी नव्हे.

साधारण चाळीस हजार जन्मांत एक असं याचं प्रमाण सांगतात. पायाच्या लांब हाडांच्या जन्मजात कमतरतांमध्ये हीच सर्वांत जास्त दिसते, तरी एखाद्या जनरल सर्जनला अख्ख्या कारकिर्दीत एकही केस दिसत नाही. म्हणून क्लबफूटचा घोटाळा होतो. क्लबफूटमध्ये पाऊल आत वळतं, बोटं पाच असतात आणि फिब्युला असते. तुमच्या मुलीचं पाऊल बाहेर वळलंय.

आता लांबी. फरक सेंटीमीटरमध्ये वाढत जातो, पण दोन पायांचं प्रमाण जवळपास तसंच राहतं. त्यामुळे पूर्ण वाढीनंतरचा फरक आत्ताच काढता येतो: आजच्या फरकाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं. मुलींसाठी जन्मावेळचा गुणक ४.६३ आणि एक वर्षाचा साधारण २.९७. मुलगी तीन वर्षांची झाली की तिच्या पायाची निम्मी लांबी झालेली असते, म्हणजे गुणक २. मुलग्यांत तोच टप्पा चार वर्षांना येतो. तुमच्याकडे ४ गुणिले २.९७, म्हणजे मोठेपणी सुमारे १२ सेंमी.

बोटं तीन किंवा जास्त, पाऊल जमिनीवर सपाट टेकवता येण्याजोगं आणि लांबीतला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर पाऊल काढायचं नाव कोणी घेत नाही. पाऊल निकामी असेल, तर ते लवकर काढा हेच बहुतेक जण सांगतील. मधला पट्टा मोठा आहे, आणि ४ सेंमी फरक म्हणजे तुमची मुलगी त्याच पट्ट्यात. तिथे दोन्ही मतं बरोबर असू शकतात.

एक अपवादही सांगतो. मुलाचे दोन्ही हात अधू असतील तर पाऊल कितीही वाकडं असलं तरी काढत नाहीत. ते मूल पुढे पायाने लिहिणार, पायाने जेवणार असतं.

कृष्णाकाठची

डॉक्टरकाका, १२ हा आकडा आजवर कोणी सांगितला नव्हता. आम्ही ४ सेंमीच धरून बसलो होतो. हात दोन्ही छान आहेत. बोटांचे एक्सरे नाहीत, पायाचाच आहे.

पायपीट

मी रिंगवाला. वय चौतिशीत, पुण्यात असतो. डावा पाय, फिब्युला नाही, बोटं चार. दोनदा पाय वाढवून घेतलाय, एकदा प्राथमिक शाळेत आणि एकदा दहावीच्या आधी.

नडगी कापतात, तारा आणि पिना हाडातून आरपार घालून बाहेरच्या रिंगांना जोडतात. आठवडाभर काही करत नाहीत. मग रोज १ मिलिमीटर, तेही एकदम नाही, पाव पाव मिलिमीटर चार वेळा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. आई पाना फिरवायची आणि वहीत खूण करायची. त्या फटीत नवीन हाड तयार होतं. ऐकायला जादू वाटते. पण ५ सेंमी ताणायला दोनेक महिनेच लागतात आणि ते हाड पक्कं होईपर्यंत रिंगा काढत नाहीत. सेंटीमीटरला एक महिना असा ढोबळ हिशोब धरतात, माझ्या बाबतीत त्याहून जास्त लागला.

हाड वाढतं, स्नायू मात्र कुरकुरतात. टाच वर उचलली जाते, गुडघा वाकून बसतो. म्हणून फिजिओ. आई-बाबांना सांगेन, सर्जन निवडण्याइतकाच वेळ फिजिओथेरपिस्ट निवडायला द्या. पिनांच्या जागा रोज साफ करायच्या, तरी पू होतो, अँटिबायोटिक चालू-बंद. पँटची एक शिवण उसवून तिथे वेल्क्रो. रात्री पांघरूण रिंगांत अडकायचं.

आता पायात दीड सेंमीचा फरक उरलाय, बुटात आतून तळवा घालतो. घोटा जवळपास हलत नाही. सिंहगड चढतो, उतरताना बोंब. माझं पाऊल माझं आहे याचा मला आनंद आहे. पण शाळेतला कुठलाही खेळ मी कडेला बसून पाहिला, हेही इथे लिहायला हवं.

मांडवीपार

मी गोव्याहून. पायपीट, तुमचं वाचून घशात अडकलं. आम्ही उलट्या वाटेने गेलो. माझ्या मुलाला दोनच बोटं होती, फरकही पुष्कळ. दीड वर्षाचा असताना पाऊल काढलं. आता चौथीत आहे.

कृष्णाकाठची, त्या ऑपरेशनआधीचे दिवस वाईट होते. तो त्याच पावलावर धरून धरून उभा राहायला लागला होता. नातेवाईक म्हणायचे, देवाने दिलेलं कापून टाकताय? ऑपरेशननंतर काही आठवड्यांत पहिला कृत्रिम पाय आला आणि पोरगं चालायला लागलं ते थांबलंच नाही. त्याला ते पाऊल आठवत नाही. आठवण मलाच.

आता सोपं नाही ते सांगते. वाढत्या वयात जवळजवळ दरवर्षी सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ज्यात पाय बसतो ती खोबण, बदलावं लागतं. पावसाळ्यात घामाने-पाण्याने कातडी सोलते. समुद्रावर वाळू आत जाते. एका देवळात त्याला पाय बाहेर काढून या म्हणाले, चप्पल समजून! तो म्हणाला, मग मी रांगत येतो. पुजारी खजील.

आणि गल्लीत क्रिकेट असलं, स्टंप कमी पडला, की हा पाय काढून रोवतो आणि स्वतः अंपायर होतो.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, एवढ्याशा लेकराचा पाय कापायचं काहून बोलून राहिले? आमच्याकडे एक हाडवैद्य आहेत, तेल देतात, सोबत कॅल्शियम चालू ठेवा. वाढते हळूहळू हाड. एकदा करून तर पाहा.

अस्थिपंजर

जिथे मुळात साचाच नाही तिथे चुना किती ओतणार? फिब्युलाच्या जागी या मुलांमध्ये बहुधा एक चिवट तंतुमय पट्टा असतो. तो वाढत नाही आणि पाऊल बाहेर खेचत राहतो. कधीकधी ऑपरेशनमध्ये तो आधी काढावा लागतो. तेलाने तो वितळत नाही. जोरकस मालिशीने बाक आलेल्या नडगीला इजा मात्र होऊ शकते. तुमचा हेतू चांगला आहे, सल्ला नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बरं बाप्पा, मालिश मागे घेतो. तुम्ही चालू द्या.

मिशिगनवासी

इथल्या एका पालक-गटात ऐकलं की आता रिंगा जुन्या झाल्या. हाडाच्या आत चुंबकाने लांबणारा खिळा घालतात, बाहेरून यंत्र धरलं की खिळा वाढतो. पिना नाहीत, पू नाही. तो पर्याय का नको?

शिवाय हिंमत देणारी उदाहरणं आहेतच की. एमी मलिन्स, जेसिका लाँग, हंटर वुडहॉल. तिघांनाही हाच आजार, तिघांचेही पाय लहानपणी गुडघ्याखाली काढलेले. मलिन्स १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकमध्ये धावली, पुढे मॉडेल झाली. लाँगची पोहण्यातली पदकं मोजता येत नाहीत. वुडहॉलने २०२४ मध्ये पॅरिसला ४०० मीटरचं सुवर्ण घेतलं. (चौथं नाव लंडन ऑलिंपिकमध्ये धावलेल्या ऑस्कर पिस्टोरियसचं, पण मैत्रिणीच्या खुनात दोषी ठरल्यावर ते आता उदाहरण म्हणून घ्यायला नको.)

अस्थिपंजर

खिळा उत्तम आहे, पण तो हाडाच्या पोकळीत मावला पाहिजे आणि त्याने वाढीच्या कूर्चेला (हाडाच्या टोकाजवळचा थर, जिथून हाड लांबतं) धक्का लागता कामा नये. तीन-चार वर्षांच्या मुलीच्या नडगीत ते जमत नाही, म्हणून लहान वयात अजून रिंगाच. मोठेपणीच्या टप्प्याला खिळ्याचा विचार होऊ शकतो. किंमतही विचारून घ्या, आधी बसून घ्या.

तुमची सगळी उदाहरणं दोन्ही पायांची आहेत. दोन्ही पाय सारखेच आखूड असले की कृत्रिम पायांनी उंची हवी तेवढी जुळवता येते. तिथला निर्णय वेगळ्या जातीचा. एका पायाची केस त्याच्याशी ताडून बघू नका.

पायपीट

+१. आणि खरं सांगू? लहानपणी मला कोणीतरी सतत असल्या विजेत्यांची कात्रणं आणून द्यायचं. मला बँकेत नोकरी करायची होती. केली.

भटकभवानी

तरी एक उदाहरण इथलं द्यावंसं वाटतं. उंच उडीवाला प्रवीण कुमार, उत्तर प्रदेशातला. जन्मापासून एक पाय आखूड. टोकियोत २.०७ मीटर, रौप्य. पॅरिसला २.०८ मीटर, सुवर्ण. त्याचा दोष कमरेजवळच्या हाडांचा आहे, फिब्युलाचा नाही, हे मान्य. पण पाऊल शाबूत ठेवून.

अवांतर: उंच उडीवरून आठवलं, रिंगांचा शोध लावणारे इलिझारोव्ह सायबेरियातल्या कुर्गानचे. व्हॅलेरी ब्रुमेल हा १९६४ चा ऑलिंपिक विजेता उंच उडीवालाच, पुढच्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. अनेक ऑपरेशनं फसल्यावर तो इलिझारोव्हकडे गेला आणि नंतर पुन्हा उड्या मारल्या. तोवर मॉस्कोवाले त्यांना विचारत नव्हते.

साचेकार

मी कृत्रिम अवयव बनवतो, मुंबईत. मांडवीपार ताईंनी लिहिलंय त्यात थोडी भर.

मुलांमध्ये पाऊल काढताना शक्यतो हाड मधून कापत नाहीत, सांध्यातून पाऊल सोडवतात. हाड मधून कापलं तर वाढत्या वयात त्याचं टोक अणकुचीदार होऊन कातडीला टोचतं, पुन्हापुन्हा घासावं लागतं. घोट्यातून सोडवून टाचेची जाड कातडी खाली आणून बसवायची ही पद्धत एडिंबराच्या साइम यांची, १८४२ सालची. दुसऱ्या एका पद्धतीत, बॉइड यांच्या, टाचेचं हाडही ठेवून नडगीला जोडतात. दोन्हींचा फायदा असा की मूल पायाच्या टोकावर वजन घेऊ शकतं. रात्री बाथरूमला जायला कृत्रिम पाय चढवायची गरज नाही, लंगडत का होईना जाता येतं. आपल्या घरांत ही मोठी गोष्ट.

आणि हा मुद्दा परदेशी माहितीत सापडत नाही: आपण घरात अनवाणी असतो. पाय वाढवायच्या वाटेने जाणाऱ्या मुलांना दोन ऑपरेशनांच्या मधली कित्येक वर्षं उंच तळव्याचा बूट लागतो, आणि तो उंबऱ्याशी काढून ठेवला तर उपयोग शून्य. घरातला वेगळा जोड ठेवा, आजी-आजोबांना आधीच सांगा. जेवायला मांडी, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास हे सगळं डॉक्टरांशी बोलताना काढा. जयपूर फूट याच गरजेतून निघालं. १९६८ च्या सुमारास डॉ. प्र. क. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचं पाऊल केलं, अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी, शेतात चिखलात उतरता यावं म्हणून.

मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धापासून चालू आहे. निर्णय घ्यायच्या आधी अशा एखाद्या ठिकाणी जाऊन नुसतं बसा. मुलं पाय घालतात-काढतात कशी ते बघा.

सिद्धेश्वर_पेठ

आमचं प्रकरण याच्या उलट, म्हणून लिहावं की नाही कळत नव्हतं. मुलाला फिब्युला आहे, नडगीचंच हाड नाही. दहा लाखांत एक म्हणाले. पाऊल आत वळलेलं, गुडघा सरळच होईना, कारण मांडीचा स्नायू ज्याला ओढणार ते हाडच नाही. नडगीचा वरचा तुकडा असता तर फिब्युला त्याला जोडून गुडघा वाचवता आला असता. तो नव्हता, मांडीच्या पुढच्या स्नायूतही जोर नव्हता. गुडघ्यातून पाय काढला. आम्हाला दोन मतं मिळालीच नाहीत, सगळ्यांनी एकच सांगितलं. त्याचंही एक बरं असतं.

ताई, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर जनुकीय सल्ला घ्या असं आम्हाला सांगितलं, कारण नडगी नसण्याचे काही प्रकार घराण्यात चालतात. तुमच्यात तशी भीती कमी दिसते, पण विचारून घ्यायला काय जातं? दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आम्ही दोघंही हातापायांची हाडंच मोजत बसलो होतो. मुलगी झाली, ठणठणीत.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला आणि सासूबाईंना धागा वाचून दाखवला. मेथीचं कलम मागे घेण्यात आलं आहे. क्रिकेटच्या स्टंपला सासूबाई हसल्या, मग उठून आत गेल्या.

डॉक्टरकाका, १२ सेंमी एकाच पायाला वाढवणं म्हणजे पायपीटदादांसारखं दोनदा की तीनदा? आणि पाऊल आधी ठेवून बघितलं आणि नाही जमलं, तर नंतर काढता येतंच ना? नवऱ्याचा सगळा भर त्यावर आहे.

अस्थिपंजर

एका वेळी सहसा ५ सेंमीच्या आसपास थांबतात, त्यापलीकडे सांधे आणि स्नायू बिघडायची शक्यता वाढते. म्हणजे एकदा ५, पुढे ४-५, आणि उरलेले २-३ सेंमी चांगल्या पायाची वाढ योग्य वयात थांबवून. त्यासाठी गुडघ्याजवळच्या वाढीच्या कूर्चेवर छोटं ऑपरेशन असतं. उंची तेवढी कमी होते, पण रिंगांचा एक मुक्काम वाचतो. मुलींची पायाची वाढ चौदाच्या सुमारास संपते, तेव्हा हे अकरा-बाराच्या आसपास ठरवावं लागतं. तारीख चुकली तर ती संधी गेली.

नंतर काढता येतं, हो. पण एक वर्षाच्या मुलीचं पाऊल काढणं आणि रिंगांत दोन वर्षं काढलेल्या दहा वर्षांच्या मुलीला आता पाऊल काढू म्हणणं यांत फरक आहे. पहिलीला काही आठवणार नाही, दुसरीला विचारावं लागेल. ते 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकलू नका. माझा कल विचाराल तर तो तीन बोटांकडे नाही, घोट्याकडे आहे. घोटा स्थिर असेल किंवा एका ऑपरेशनने स्थिर करता येणार असेल, तर मी वाढवण्याच्या बाजूने. तो डळमळीत आणि पाऊल सपाट टेकणारच नसेल, तर वाढवलेल्या लांब पायाच्या टोकाला दुखरं पाऊल लावून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. पाय वाढवू म्हणणाऱ्या डॉक्टरांना घोट्याचं काय करणार हे विचारा. उत्तर नुसतं रिंगांचं असेल तर तिसरं मत घ्या.

पायपीट

काकांशी सहमत. माझा घोटा हलत नसला तरी पाऊल सपाट टेकतं, म्हणूनच निभावलं. आणि पैशांइतकाच रजांचा हिशोब मांडा. माझ्या आईने नोकरी सोडली होती. घरातलं कोण किती दिवस पाना फिरवणार, कोण फिजिओला नेणार, कराड-पुणे किती वेळा होणार, हे आत्ताच घरात बोला.

मांडवीपार

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं) कामही आत्ताच सुरू करा, कुठलीही वाट धरलीत तरी. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी लवकर उपचारांचं केंद्र असतं, तिथे चौकशी करा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, हवं तर मुलाशी व्हिडिओवर बोलवते. तो बोलून बोलून तुम्हालाच दमवेल.

कृष्णाकाठची

नक्की बोलू, रविवारी चालेल? पुढच्या आठवड्यात पुण्याची अपॉइंटमेंट आहे. प्रश्न लिहून ठेवलेत: घोटा, मांडीचं हाड, रजा, घरातला बूट. आणखी काही सुचलं तर सांगा.

अस्थिपंजर

गुडघाही घाला यादीत. आतला पुढचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा) या मुलांत पुष्कळदा नसतो. एरवी ते लहानपणी जाणवत नाही, पण पाय वाढवताना गुडघा सरकू शकतो. आणि एक्सरे नुसत्या पायाचा नको. कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय एकाच फिल्मवर, धरून उभं करून, उजव्या पायाखाली ४ सेंमीचा ठोकळा ठेवून. ठोकळा घरूनच न्या, सगळीकडे मिळत नाही.